पाय पाह्यले का?

झाडीपट्टीत थंडी आधी टाचेला कळते. बाहेरच्या माणसाला चंद्रपूर म्हटलं की ऊन आठवतं. मे महिन्यात पारा 47 अंशांच्या वर चढला की राज्यभरच्या वर्तमानपत्रांत आमचं नाव छापून येतं. दिवाळीनंतर वैनगंगेच्या दोन्ही काठांवर जी कोरडी, बोचरी थंडी उतरते तिची मात्र बातमी होत नाही. रात्री पारा 10 अंशांच्या खाली जातो, पहाटे धानाच्या बांध्यांवर धुकं साचतं, ओठ उलतात, आणि घराघरांत बायका उंबऱ्याशी टेकून, पाय मांडीवर घेऊन टाच चाचपून बघतात.

हीच वेळ कापणीची. अलीकडे ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल, सावली आणि पलीकडे आरमोरी, वडसा, चामोर्शी. नदीच्या दोन्ही अंगांना धान हेच पीक. आषाढ-श्रावणात रोवणी याच पायांनी केलेली असते. दिवसदिवस चिखलात उभं राहून बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, कातडी पांढरी पडून सोलते, रात्री खाजेनं झोप येत नाही. त्या बऱ्या होईतो पाऊस संपतो, बांधी वाळते, आणि त्याच पायांना कापलेल्या धानाच्या टोकदार खुंटांवरून चालावं लागतं. सकाळी दवानं ओल्या झालेल्या कडपा गोळा करायच्या, त्यांचे भारे बांधायचे, पुंजणं रचायचं, दुपारी खळ्यातल्या धुळीत उभं राहायचं. सकाळी भिजायचं आणि दुपारी वाळायचं, रोज. कातडीचे याहून वाईट हाल कशानं होत नाहीत.

म्हणून पायांचे लाड करायचे असतील तर ते याच दिवसांत करावेत असं मला वाटतं, आणि ते ज्यांनी रोवणी-कापणी केली त्यांचे आधी करावेत. 'लाड' हा शब्द मी मुद्दाम वापरते आहे. आमच्याकडे पायाला तेल लागतं ते बाळंतिणीच्या, हळदीच्या नवरदेवाच्या, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याच्या. धडधाकट, कामाच्या बाईनं रात्री अर्धा तास स्वतःच्या पायांपाशी बसावं हे अजून कित्येक घरांत थेर समजलं जातं. टाच उलून रक्त आलं, चालताना ती लंगडायला लागली, की मग कुणीतरी म्हणतं, तेल लाव ना बाई.

तळव्याची घडणच अशी आहे की त्याला बाहेरून स्निग्धता द्यावी लागते. अंगावरच्या बाकी कातडीत केसांच्या मुळाशी तेलाच्या ग्रंथी असतात. त्या थोडं थोडं तेल सोडत राहतात म्हणून हात-पाठ कोरडी पडली तरी सहसा फाटत नाही. तळव्याला केस नाहीत आणि तेलाच्या ग्रंथीही नाहीत. आहेत त्या फक्त घामाच्या, आणि थंडीत घामही कमी. वर मेलेल्या पेशींचा जो थर असतो तो अंगावर इतरत्र कागदाहून पातळ, पण टाचेवर एक मिलिमीटरहूनही जाड असू शकतो. ओलावा असेतो हा थर लवचीक राहतो. ओलावा उडाला की तो कडक होतो, आणि आपण उभे राहिलो की टाचेची गादी वजनानं चहूकडे पसरते. आतली गादी पसरते, वरचं कवच पसरू शकत नाही, मग ते कडेनं तडकतं. मेलेल्या थरात भेग असेपर्यंत ती नुसती दिसते. खालच्या जिवंत कातडीपर्यंत पोचली की पाऊल टेकवताना डोळ्यांत पाणी येतं. त्याच भेगेतून शेणामातीचे जंतू आत शिरतात. सुश्रुतानं क्षुद्ररोगांच्या यादीत 'पाददारी' घातली आहे आणि ती फार चालणाऱ्या माणसाच्या रूक्ष झालेल्या पायांना होते असं निदान केलं आहे. आजच्या त्वचारोगाच्या पुस्तकात भाषा वेगळी असेल, पण कारण तेच: कोरडेपणा आणि भार.

आमच्या घरी हे काम रात्री, जेवणं उरकून चूल निवत आली की सुरू व्हायचं. उरलेल्या निखाऱ्यांवर आजी गंजभर पाणी ठेवायची आणि ते घमेल्यात ओतून त्यात थंड पाणी मिसळायची. पाण्यात आधी पाय घालायचा नाही, हा तिचा पहिला नियम. "कोपर लाव पान्याले," ती म्हणायची. कोपराची कातडी नाजूक, तिला सोसवलं तर पाणी बरोबर. मग चिमूटभर मीठ, आणि त्यात घोट्यापर्यंत पाय. वीस मिनिटं पुरे होतात. त्याहून जास्त वेळ भिजवलं तर कातडीत असलेली थोडी स्निग्धताही निघून जाते आणि पाय आधीपेक्षा कोरडे होतात. आजीकडे घड्याळ नव्हतं. टाच पांढरी, रवाळ दिसायला लागली की ती पाय बाहेर काढायला लावायची.

त्यानंतर वज्री. आमची वज्री पितळेची होती, वर मोराची मूठ आणि खाली आडव्या-उभ्या रेघांनी खरखरीत केलेला तळ. वर्षानुवर्षं घासून मोराची चोच गुळगुळीत झालेली. टाच मांडीवर घेऊन, एकाच दिशेनं, हलक्या हातानं घासायचं. आधी पांढरा भुगा निघतो, मग कातडीचा मऊ लगदा, आणि खालून गुलाबी झाक दिसली की थांबायचं. हे थांबणं फार महत्त्वाचं. एका रात्रीत टाच लोण्यासारखी करायच्या नादात लोक ब्लेड घेतात, जिवंत कातडी कापतात आणि जखम घेऊन बसतात. कुरुपाचंही तेच. आत काटा राहिला म्हणून कुरूप झालं असं समजून ते सुईनं, ब्लेडनं कोरत बसणारे आमच्या गावात पुष्कळ. काट्यानं होतही असेल एखादं, पण बहुतेक कुरुपं होतात ती एकाच जागी पडत राहणाऱ्या दाबानं, न बसणाऱ्या चपलेनं. चपला बदलल्याशिवाय ती जात नाहीत.

पाय पुसायचे ते जुन्या लुगड्याच्या मऊ तुकड्यानं, आणि बोटांच्या बेचक्या एकेक करून कोरड्या करायच्या. टाच मात्र अगदी कोरडीठाक करायची नाही. थोडी ओल असतानाच तिच्यावर तेल चढवायचं, म्हणजे आत मुरलेलं पाणी आतच कोंडून राहतं. तेल पाण्याला उडू देत नाही, एवढंच त्याचं मुख्य काम. कोरड्या टाचेवर कितीही तेल चोपडलं तरी उपयोग कमी होतो तो याच कारणानं.

तेल कुठलं, तर टोरीचं. चैत्रात मोहाची फुलं वेचून होतात, मग फळं धरतात, आणि पावसाच्या तोंडाशी त्यांतल्या बिया हाती येतात. त्या टोरी. बिया फोडून, आतली डाळ वाळवून घाणीवर त्यांचं तेल काढतात. गोंड-माडिया घरांत ते खाण्यात होतं, दिव्यात होतं, अंगाला लावण्यातही होतं. उन्हाळ्यात पिवळट, पातळ दिसणारं हे तेल थंडीत तुपासारखं थिजतं. बाटलीतून ते ओतता यायचं नाही, म्हणून आजी ते रुंद तोंडाच्या बरणीत ठेवायची. बोटानं गोळा काढायचा, तळहातावर घ्यायचा, दोन्ही हात चोळले की तो वितळतो आणि त्याचा उग्र, खवट वास घरभर सुटतो. आम्हा पोरांना तो वास नको व्हायचा. पण थिजणारं तेल पायावरून ओघळत नाही, भेगेत बसून राहतं, हा त्याचा मोठा गुण. भेग खोल असली तर आजी तेलात मेण वितळवायची. जंगलातल्या पोळ्यांचं मेण बाजारात मिळायचं. वाटीभर तेलाला सुपारीएवढा तुकडा पुरे व्हायचा. ते कोमट मलम भेगेत भरून वर फडकं बांधायचं आणि सकाळपर्यंत सोडायचं नाही. कोकणात हेच काम कोकमाच्या बियांचं भिरंडेल करतं. तेही असंच थिजणारं. प्रत्येक मुलखानं आपल्या झाडाला हे काम लावून दिलेलं दिसतं. आता औषधाच्या दुकानात युरिया घातलेली मलमं मिळतात. युरिया कडक थर मऊ करतो आणि पाणी धरून ठेवतो. ज्यांच्या टाचा फारच जाड झाल्यात त्यांना ती नक्की उपयोगी. साधी पेट्रोलियम जेलीसुद्धा चालते. टोरीचंच हवं असा माझा हट्ट नाही. पण ते तेल काढणाऱ्या घाण्या कमी होत चालल्या आहेत याची खंत आहे.

काशाची वाटी हा त्यानंतरचा खरा लाडाचा भाग. तळव्याला तूप नाहीतर एरंडेल लावून वाटीचा बुडखा गोल गोल फिरवायचा, टाचेपासून बोटांपर्यंत, कमानीत जरा जास्त वेळ. थोड्या वेळानं तळवा काळपट होतो. उष्णता निघाली म्हणतात. तो काळेपणा काशातलं तांबं आणि स्निग्ध पदार्थ घासले गेल्यानं येतो. उष्णतेचं काहीही असो, दिवसभर ओणवं राहून कापणी केलेल्या बाईच्या तळव्यावर कुणी दहा मिनिटं वाटी फिरवली तर ती बसल्या जागी पेंगते, हे मी बघितलेलं आहे. वाग्भटानं रोजच्या अभ्यंगात डोकं, कान आणि पाय यांना विशेष तेल लावायला सांगितलं तेव्हा त्यालाही ही झोप ठाऊक असणार.

एक गोष्ट मात्र मला तेव्हाही खुपायची, आजही खुपते. घमेल्याला क्रम होता. पहिलं कढत पाणी घरातल्या पुरुषांना, मग आम्हा पोरांना, मग आजीला. आईचे पाय त्यात पडायचे तेव्हा पाणी निवलेलं आणि मातीनं गढूळ झालेलं असायचं. बांधीत सगळ्यांत जास्त वेळ तीच उभी असायची.

पायांची काळजी कशाला म्हणतात हे मला नीट कळलं ते घरात नाही, गडचिरोली जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या ओसरीत. हिवाळ्याची सकाळ होती. कुष्ठरोगातून औषधानं बरे झालेले, पण पायांची संवेदना गेलेले काही जण टबांत पाय सोडून रांगेनं बसले होते. आरोग्य कर्मचारी प्रत्येकापुढे उकिडवा बसून आधी एकच विचारायचा, "पाय पाह्यले का आज?" एक म्हातारे काकाजी म्हणाले, पाह्यले, काही नाही. कर्मचाऱ्यानं त्यांचा पाय उचलून उन्हाकडे तिरपा केला. अंगठ्याच्या बुडाशी गव्हाच्या दाण्याएवढा काळा ठिपका होता. त्यानं चिमट्यानं ओढला तर बोराटीचा काटा बाहेर आला, मागोमाग पू. काकाजी शेजारच्याशी बोलत होते. त्यांचं बोलणं तुटलंसुद्धा नाही.

पायाच्या आतल्या घोट्यामागून जी नस तळव्याला जाते तिला कुष्ठरोगात इजा होते. तळव्याला गरम-गार, टोचणं-रुतणं कळेनासं होतं. त्या नसेच्या ताब्यात घामाच्या ग्रंथीही असतात, त्यामुळे घाम थांबतो आणि पाय बारा महिने हिवाळ्यासारखे कोरडे पडतात. कोरडे पाय उलतात, भेग दुखत नाही म्हणून माणूस तिच्यावर चालत राहतो, जखम हाडापर्यंत जाते. शेकडो वर्षं जगाला वाटत होतं की या रोगात बोटं सडून झडतात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात 1946 पासून काम करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं की बोटांचा नाश मुख्यतः न दुखणाऱ्या जखमांनी होतो. रोगानं वेदना जाते आणि वेदना गेली की राखण जाते. मग इलाज काय, तर वेदनेचं काम डोळ्यांवर सोपवायचं. रोज तळवा बघायचा, वीस मिनिटं पाण्यात भिजवायचा, खरखरीत दगडानं मेलेली कातडी काढायची, ओलसर असतानाच तेल लावायचं, आणि आत मऊ रबराचा तळ असलेली, खिळे नसलेली चप्पल घालायची. सरकारी कुष्ठरोग कार्यक्रमात रुग्णाला टब, दगड, मलम आणि मायक्रोसेल्युलर रबराची चप्पल देतात ती यासाठी. आजीचं घमेलं, वज्री आणि टोरीचं तेल मी त्या ओसरीत नव्यानं बघत होते. फरक एकच होता. आजीच्या घरी टाच दुखली की घमेलं निघायचं. इथे दुखणार नाही म्हणून रोज निघत होतं.

हे ज्ञान चंद्रपूर जिल्ह्यात आलं त्याला मोठा इतिहास आहे. वरोऱ्याला मुरलीधर देवीदास ऊर्फ बाबा आमटे नगरपालिकेत उपाध्यक्ष होते. पावसाच्या एका संध्याकाळी त्यांना वाटेत तुळशीराम नावाचा हातापायांची बोटं झडलेला, मरणासन्न माणूस दिसला, आणि ते भिऊन तिथून दूर गेले. त्या भीतीनं त्यांना स्वस्थ बसू दिलं नाही. ते परत आले, त्याची सेवा केली. 1949 मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन झाली आणि वरोऱ्याजवळच्या खडकाळ, विंचू-सापांच्या माळावर आनंदवन उभं राहिलं. बाबांचा जन्म 1914 चा, डॉ. ब्रँड यांचाही 1914 चाच. एक हिंगणघाटात जन्मलेले, दुसरे तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरांत. दोघांनी आपापल्या ठिकाणी, ज्यांच्याकडे बघायलाही लोक तयार नव्हते अशा हातापायांकडे आयुष्यभर जवळून बघितलं. आनंदवनात विहिरी खोदल्या गेल्या, शेती उभी राहिली, ती अशाच हातापायांच्या माणसांनी. खडकात कुदळ मारणाऱ्या, पण तळव्याला काही न कळणाऱ्या माणसाचे पाय रोज संध्याकाळी कुणीतरी बघितले नाहीत तर ते काम महिनाभरही चालू शकत नाही. बांधकामं आणि पुरस्कारांच्या गोष्टी लिहिताना ही धुणीपट्टीची, तेलपाण्याची बाजू आपण फार लवकर ओलांडून पुढे जातो.

1982 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं बहुविध औषधोपचाराची शिफारस केली. त्यानं रोग पुरता बरा होऊ लागला, आणि 2005 च्या अखेरीस भारतानं सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून कुष्ठरोगाचं दूरीकरण झाल्याचं जाहीर केलं. आमच्या दोन्ही जिल्ह्यांत नवे रुग्ण अजूनही सापडतात. आणि जंतू मेले तरी मेलेली नस परत येत नाही, त्यामुळे बऱ्या झालेल्या माणसालाही घमेलं जन्मभर लागतं.

आता तेच घमेलं मधुमेहाच्या माणसांना हवं आहे. साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की नसा तशाच मरतात, घाम तसाच थांबतो, टाच तशीच उलते. डॉ. ब्रँड 1966 मध्ये अमेरिकेत लुइझियानातल्या कारव्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले. तिथे या रुग्णांसाठी बसवलेली पद्धत पुढे मधुमेहींच्या पायांना लावली गेली. जगभरचे डॉक्टर आज मधुमेह्याला पाय रोज तपासायला सांगतात त्यामागे वेल्लोरच्या या गरीब, टाकून दिलेल्या रुग्णांचे तळवे आहेत.

चंद्रपुरात, बल्लारपुरात आता घरटी कुणाला तरी साखरेची गोळी चालू आहे. खाणीतून निवृत्त झालेली माणसं आहेत. उमेदीची वर्षं त्यांचे पाय पाळीभर गमबुटात कोंडलेले होते. थंडीत ती संध्याकाळी शेकोटीपाशी नाहीतर निखाऱ्यांच्या गोरसीपुढे बसतात आणि पाय पुढे करतात. आमच्या गल्लीतल्या एका काकाजींचे दोन्ही तळवे असेच शेकता शेकता भाजले. उठून घरात गेले तरी त्यांना पत्ता नव्हता. सुनेला लादीवर ओले ठसे दिसले, फुटलेल्या फोडांच्या पाण्याचे. जखमा भरायला उन्हाळा उजाडला. म्हणून ज्याला साखर आहे त्यानं गोरसीपासून पाय लांबच ठेवावेत, गरम पाण्याची पिशवी पायाशी घेऊन झोपू नये, आणि कोपराची परीक्षा केल्याशिवाय पाण्यात पाय घालू नये. पाय भिजवत बसण्यापेक्षा नुसते धुऊन, पुसून, मलम लावणं त्याला जास्त सुरक्षित. वज्री तर त्यानं स्वतः चालवूच नये. मोजे घालावेत ते सुती आणि सैल. पायात घालण्यापूर्वी चप्पल-बूट उलटे करून झटकावेत. आमच्याकडे त्यात खडा निघतो, कधी विंचूही निघतो.

पायाला हात लावून माणसाचं बरंवाईट ओळखायची आणखी एक रीत आहे, ती जन्मलेल्या बाळाच्या बाबतीत. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गडचिरोलीतल्या 39 गावांत गावच्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं आणि घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेतली. त्याचे निकाल 1999 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले: नवजात बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाले होते. बाळ गारठू न देणं हा त्या काळजीतला मोठा भाग. आज आशा ताई घरी येते तेव्हा बाळाच्या पोटाला आणि तळपायाला हात लावून बघते. पोट ऊबदार आणि पाय गार असतील तर बाळाला थंडी वाजायला लागली आहे. पोटही गार लागलं तर धोका. जानेवारीच्या रात्री कुडाच्या घरात, कंदिलाएवढ्या उजेडात, आईच्या छातीशी धरलेल्या बाळाचे पाय चाचपणारा तो हात मला या सगळ्या लाडांत सगळ्यांत मोलाचा वाटतो.

धानाचे पैसे हातात आले की झाडीपट्टी नाटकांकडे वळते. वडशाला कंपन्यांची कार्यालयं गजबजतात, गावोगाव मंडई भरते, शंकरपट होतात आणि रात्री दहाला सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालतं. उघड्यावर, थंडीत, हजारो माणसं तणसावर, चटईवर बसलेली असतात. जाणत्या बायका पाय आधी तेल लावून, मोजे घालून, मग ब्लँकेटात गुंडाळून बसतात. ज्यांनी तेल लावलं नाही त्यांना मध्यरात्रीनंतर नाटक कमी आणि टाच जास्त जाणवते.

आपल्याकडे पायाला मान फार. आल्यागेल्या वडीलधाऱ्यांच्या पाया पडतो, पायधूळ मस्तकी लावतो, देवाच्या पादुका पूजतो. पण पाया पडताना खाली वाकलेल्या माणसाची नजर त्या टाचेवर क्वचितच ठरते. कपाळ टेकवण्यात भक्ती आहे, तशी ती टाच हातात घेण्यातही आहे. 1940च्या आसपास, आमच्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात, सेवाग्रामला गांधीजी कुष्ठरोगी परचुरेशास्त्र्यांच्या अंगाला स्वतः मालिश करायचे. देशाच्या राजकारणाचा तो किती धकाधकीचा काळ! तरी त्यातून वेळ काढला जात होता. संस्कृतचा एवढा पंडित. त्याची व्रणांनी भरलेली कातडी कुणीतरी न घाबरता हाताळावी याची त्याला औषधाइतकीच गरज होती. मी हे आठवते तेव्हा आमच्या घरातला तो घमेल्याचा क्रम मला अधिकच टोचतो. कापणीच्या दिवसांत पहिलं पाणी जिनं कापणी केली तिचं. शेतमालक असेल त्यानं मजुरीबरोबर हंगामाला बंद चपलांचा एक जोड द्यावा. बाजारात तो फार महाग नाही, आणि खुंटांवर अनवाणी चालणारी बाई तुम्हाला रोज दिसतच असते.

राहिली गोष्ट ज्यांना वाकता येत नाही त्यांची. गुडघे धरलेले, पोट आड येणारं, डोळ्यांना कमी दिसणारं, अशा माणसाला आपला तळवा दिसणार कसा? डॉक्टर सांगतात, जमिनीवर आरसा ठेवा आणि त्यात बघा. चांगला उपाय आहे. पण घरात सात-आठ वर्षांचं नातवंड असेल तर त्याला रोज संध्याकाळी उजेडात आजी-आजोबांच्या तळव्यांपुढे बसवावं. पोरांची नजर तीक्ष्ण असते, आणि शोधायला दिलेली कुठलीही गोष्ट त्यांना आवडते. काय शोधायचं ते एकदा दाखवून ठेवायचं: लाल जागा, फोड, भेग, काळा ठिपका, दोन बोटांमधली ओल. त्याला वज्री नको, सुई नको, फक्त बघायचं आणि सांगायचं काम द्यायचं. आमच्या शेजारची नात हे काम इतकं मनावर घेते की आजीनं पाय धुतले नसले तर तपासायला बसतच नाही, आधी पाणी आण म्हणून आईच्या मागे लागते. कोपर बुडवून बघायचं हेही तिला पाठ झालं आहे.